तैलचित्रातली व्यक्ती कोण? आधी चित्राची पाठ पाहू द्या

चौकशी करताना बहुतेक जण चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे कोण असतील?" नुसत्या चेहऱ्यावरून नाव सांगणं क्वचितच जमतं. चित्रकार समोरच्याला थोडं देखणं करतोच, शिवाय एका काळातले टोप आणि कल्ले सारखेच दिसतात. धागा सापडतो तो बहुधा चित्राच्या पाठीवर.

आणि नेमकी तीच पाठ आमच्याकडे येते ती ओल्या फडक्याने लख्ख पुसून. कृपया पुसू नका. खडूने लिहिलेला लिलावाचा क्रमांक एका हातासरशी जातो, सरसाने चिकटवलेली चिठ्ठी भिजली की सुटते. क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा काळा स्टेन्सिल क्रमांक असेल, तर त्यांच्या जुन्या नोंदींतून चित्र कधी आणि कोणाकडून विक्रीला आलं हे कळू शकतं. तिथून घराणं, मग माणूस. मोडकी म्हणून जुनी फ्रेम फेकणं हाही तोच प्रकार. नवी फ्रेम आम्हीही करून देतो, पण तपासणीनंतर.

पाठीवर दुसरा कॅनव्हास चिकटवलेला दिसला, तर मूळ मजकूर त्याखाली असू शकतो. तो सोलून पाहू नका.

विन्सर अँड न्यूटन या चित्रसाहित्य बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीचा शिक्का असला, तर कॅनव्हास १८३२ च्या आधीचा नाही, कारण कंपनीच तेव्हा सुरू झाली. चित्रातली व्यक्ती मात्र त्याआधीची असू शकते. पूर्वजांच्या चित्रांच्या नकला सर्रास करून घेतल्या जात.

फ्रेमवरच्या पितळी पट्टीवरचं नाव आम्ही पुरावा धरत नाही, फ्रेमा बदलतात. चित्रावर रंगवलेलं नावही भिंगाखाली पाहावं लागतं. अक्षरांचा रंग भेगांत उतरलेला असेल, तर ते चित्र तडकल्यावर कोणीतरी घातलेलं आहे. चित्रावर वय लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं: 'एटाटिस सुए ३२' म्हणजे बत्तिसावं वर्ष चालू. पूर्ण झालेली ३१. जन्मसाल इथेच एका वर्षाने चुकतं.

फोटो पाठवताना पूर्ण पाठ, लाकडी चौकटीच्या चारही पट्ट्या आणि फ्रेम सोडून माप हवं. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको. ३० × २५ इंच हे इंग्लिश चित्रकारांचं ठरीव माप; भलतंच माप निघालं, तर कड कापली गेली का, आणि तिच्याबरोबर नावही गेलं का, हे बघतो. सेल्फी कॅमेरा वापरू नका, काही फोन चित्र उलटं करतात. ऑर्डर ऑफ द गार्टर या ब्रिटिश मानाची निळी फीत डाव्या खांद्यावरून येते, ऑर्डर ऑफ द बाथ या दुसऱ्या मानाची लाल उजव्या. पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली रंग कळेनासा झाला की खांदाच कामी येतो.

नाव सापडलं नाही तरी फी का, असं विचारलं जातं. काळ, कॅनव्हास, पोशाख, मानचिन्हं आणि नंतरची दुरुस्ती यांचा लेखी अहवाल तुम्हाला मिळतोच. पुरावा तोकडा असेल तर आम्ही 'अज्ञात पुरुष, अंदाजे १७८०' एवढंच लिहितो. ओढूनताणून लावलेलं नाव विक्रीच्या वेळी तुम्हालाच अडचणीत आणतं. फोटोंवरची पहिली पाहणी होईपर्यंत चित्र भिंतीवरच राहू द्या.