इंग्लंडमधल्या विंडरश नदीच्या खोऱ्याची सहल: बुकिंगआधी एवढं वाचा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसभरात तीनच गावं? बाकीचे तर सात दाखवतात." आईबाबा भारतातून आलेले असतात, लेकाला एकच शनिवार मोकळा असतो, म्हणून हा प्रश्न येतो. आम्हाला कळतं. तरी उत्तर तेच, तीनच.

व्हॅनमधून आठ माणसं उतरणार. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाचं स्वेटर मागच्या सीटवर, मग स्वच्छतागृह, मग फोटो. थांब्यामागे पाऊण तास जातो आणि त्यात गाव बघणं दहा मिनिटांचंसुद्धा होत नाही. सुरुवातीला आम्हीही लोकांच्या यादीप्रमाणे फिरवायचो. एका संध्याकाळी एका काकूंनी विचारलं, "आज आपण कुठे कुठे गाडी लावली?" तेव्हापासून यादी बंद.

रीलमधलं बोर्टन-ऑन-द-वॉटर हे गाव याच विंडरश नदीवर, वरच्या अंगाला आहे. बायबरी गाव शेजारच्या खोऱ्यात. दोन्ही सुंदर, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. बोर्टन हवंच असेल तर वेगळा अर्धा दिवस घ्या. आमच्याबरोबर एकदा आलेल्यांना तो निम्म्या दरात देतो.

ऑक्सफर्डहून निघून आपण बर्फर्डला उतरतो. लोकरीच्या व्यापारावर गबर झालेलं हे गाव, आणि चर्चही तसंच ऐसपैस. "चर्चमध्ये काय बघायचं, आम्ही गाडीतच बसतो" म्हणणाऱ्यांनाच नंतर बाहेर काढावं लागतं. 1649 च्या मे महिन्यात, राजाविरुद्धच्या यादवीत पार्लमेंटच्या बाजूने लढलेला सेनानी क्रॉमवेल याने आपल्याच सैन्यातल्या सुमारे 340 बंडखोर लेव्हलर (समान राजकीय हक्क मागणाऱ्या गटाच्या) शिपायांना इथे कोंडलं आणि 17 तारखेला तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. आत कोंडलेल्या अँथनी सेडलीने बाप्तिस्म्याच्या कुंडावर स्वतःचं नाव, साल आणि 'कैदी' असं कोरून ठेवलं. इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. शहाजीराजे आदिलशहाच्या कैदेतून सुटले तेही याच साली, हे सांगितलं की बाबांचे कान टवकारतात. याच गावचा पाथरवट ख्रिस्तोफर केंप्स्टर लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या कामावर होता. इथली घरं चुनखडीची, छपरंसुद्धा दगडी: वळचणीला मोठ्या फरश्या, आढ्याकडे जाताना लहान.

पुढे विडफर्ड. गाव कधीच उठून गेलंय, शेतात एकटं चिमुकलं चर्च उरलंय. भिंतींवर मध्ययुगीन चित्रं आहेत, आणि चर्च उभं आहे ते रोमन काळच्या फरशीवर. इथे रस्ता नाही, गवतातून चालत जायचं. दव असतं, मेंढ्यांच्या लेंड्या असतात. चपला आणि सँडल चालणार नाहीत. साडी असेल तर खाली बूट घाला, हसणारं कुणी नसतं. फाटक उघडलंत तर मागे लावा. स्वच्छतागृह बर्फर्डलाच उरकून घ्या, इथे नाही.

शेवटी स्विनब्रुक. तिथल्या चर्चमध्ये फेटिप्लेस या जुन्या जमीनदार घराण्याचे दगडी पुरुष तीन-तीन, एकावर एक, कोपर टेकून आडवे झालेत. लोअर, मिडल, अपर बर्थ! मुलांना इतर काही आठवो न आठवो, हे आठवतं.

रविवारी आम्ही दुपारी एकनंतरच निघतो. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते आणि तेव्हा कॅमेरे घेऊन आत शिरणं आम्हाला पटत नाही. यावरून काही बुकिंग गेली, जाऊ देत. चर्चना तिकीट नाही. दाराजवळच्या पेटीत दोन-चार पौंड टाकावेत.

जेवणाचा डबा आणा. पबमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात, पण आठ जणांची ऑर्डर यायला तास जातो. दशम्या, चटणी आणि आमच्या थर्मासमधला आल्याचा चहा नदीकाठी पंधरा मिनिटांत होतो.

दर अख्ख्या व्हॅनचा आहे, माणशी नाही. मे ते सप्टेंबरचे शनिवार लवकर भरतात. आजी-आजोबांना रजा काढावी लागत नाही, तेव्हा त्यांना मंगळवारी किंवा बुधवारी पाठवा. दर कमी लागेल, आणि विडफर्डला बहुधा तुम्ही आणि मेंढ्याच असाल.