फिल्मवर काय काय उमटतं

डिजिटल फोटो दाखवला की लोक विचारतात, कुठे काढला? फिल्मवर काढलेला फोटो दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘रोल कुठला?’ पाठोपाठ, ‘धुतला कुठे?’ आणि मग, ‘स्कॅन कुणी केला?’ फोटोत कोण आहे इकडे वळायला या फिल्मवेड्या मंडळींना बराच वेळ लागतो. बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटतं, पण तिन्ही प्रश्न रास्त आहेत. शटर उघडतं त्या क्षणापुरतीच फिल्म जागी असते असं नाही. कारखान्यातून निघाल्यापासून ती धुऊन वाळेपर्यंत तिच्यावर जे जे गुदरतं ते सगळं ती टिपत राहते. उन्हात तापलेली गाडी, विमानतळावरचे क्ष-किरण, रसायनाचं तापमान, नळाच्या पाण्यातले क्षार, सगळंच.

याचं मूळ चांदीत आहे. फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या जिलेटिनमध्ये विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे, थोडं आयोडाइड मिसळलेले, अतिसूक्ष्म स्फटिक. स्फटिकावर प्रकाशाचा कण आदळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. तो स्फटिकातल्या एखाद्या सदोष जागी अडकतो, तिथे चांदीचा आयन ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ मध्ये ही क्रिया उलगडून दाखवली. हा एकटा अणू फार वेळ टिकत नाही, त्याचा पुन्हा आयन होतो. पण तेवढ्यात दुसरा प्रकाशकण आला, मग तिसरा, चौथा, तर चारेक अणूंचा पुंजका जमतो आणि तो टिकतो. डोळ्याला यातलं काहीही दिसत नाही. कॅमेऱ्यातून काढलेली, न धुतलेली फिल्म कोऱ्या फिल्मसारखीच असते.

पुढचं काम डेव्हलपर, म्हणजे फिल्म ज्यात धुतात ते पहिलं रसायन, करतो. एका स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन असतात. ज्या स्फटिकावर तो चार अणूंचा पुंजका आहे, तो डेव्हलपर संपूर्णपणे चांदीत बदलतो. ज्याच्यावर नाही, त्याला वेळेत थांबलं तर हात लावत नाही. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागावं तसा हा प्रकार आहे, फक्त इथलं प्रमाण एकास अब्ज असं काहीतरी आहे. इतकी मोठी वाढ होते म्हणूनच सेकंदाच्या पाचशेव्या भागात आलेल्या उजेडाचं चित्र बनू शकतं.

जिलेटिन मात्र नुसतं चिकटवायला असतं अशी बरीच वर्षं समजूत होती. ते गुराढोरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं, आणि कोडॅकच्या लक्षात आलं की काही जिलेटिनपासून फिल्म चांगली वेगवान होते, म्हणजे कमी उजेडात भागवते, तर काहीपासून मठ्ठ. १९२०च्या दशकात सॅम्युअल शेपर्ड या त्यांच्या रसायनशास्त्रज्ञाने कारण शोधून काढलं. जिलेटिनमध्ये गंधकाच्या संयुगांचा अगदी पुसटसा अंश असला तर स्फटिकांवर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके तयार होतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन त्यांत नेमके अडकतात. हे गंधक यायचं कुठून, तर गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून. गाय काय चरली यावर फोटो किती लख्ख येणार हे ठरत होतं! पुढे ते गंधक मोजूनमापून घालायला लागले.

चार अणूंचा हा उंबरठा लक्षात ठेवला तर इंटरनेटवर फोटोंखाली चालणाऱ्या निम्म्या चर्चेचा उलगडा होतो. ‘शॅडो मेल्यात, एक स्टॉप जास्त द्यायला हवा होतास,’ असं कुणीतरी म्हणतं. (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड.) सावलीतल्या स्फटिकांना चार अणू जमण्याइतका उजेडच मिळाला नाही, तर धुताना कितीही कसरत केली तरी तिथे काही उगवणार नाही. उलट निगेटिव्हला उजेड जास्त झाला तर ती बऱ्यापैकी सोसते. डिजिटलवाल्यांना नेमकी उलटी सवय असते. त्यांचं आभाळ एकदा पांढरं फटक पडलं की गेलं, म्हणून ते हात आखडून उजेड देतात. तीच सवय घेऊन फिल्मकडे आलेल्यांचे पहिले रोल चिखलासारखे येतात.

रात्रीच्या फोटोंचं प्रकरण आणखी मजेदार आहे. दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट उजेड, हे गणित अंधारात फिल्मवर चालत नाही. उजेड इतका मंद असतो की पहिला अणू तयार झाल्यावर दुसरा प्रकाशकण यायला वेळ लागतो, तोवर पहिला अणू विरघळून गेलेला असतो. म्हणजे प्रकाश पोचला, पण फुकट गेला. इल्फर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या सूत्राप्रमाणे त्यांच्या एचपी५ या फिल्मसाठी लाइटमीटरने, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राने, दहा सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात वीस द्यावे लागतात, आणि मीटरचा आकडा वाढत जातो तशी ही तफावत आणखी रुंदावते. रंगीत फिल्ममध्ये तर एकावर एक असे तीन रंगांचे थर असतात आणि तिघांची गळती सारखी नसते. म्हणून चांदण्यातल्या समुद्राच्या फोटोला कुठेच नसलेली हिरवट किंवा जांभळट झाक येते. ‘मस्त मूड आलाय’ अशी दाद तिला मिळते, मिळू दे बापडी.

तसंच लाल वलयांचं. सिनेस्टिल ८००टी ही फिल्म सध्या भलतीच लोकप्रिय आहे. पावसाळी रात्र, ओला रस्ता, पेट्रोलपंपाचे दिवे, आणि प्रत्येक दिव्याभोवती लालसर प्रभावळ. ही फिल्म मुळात कोडॅकची सिनेमाची फिल्म. सिनेमाच्या या फिल्मला पाठीमागे वर्षानुवर्षं काजळीचा काळा थर असायचा. साध्या लॅबच्या मशीनमध्ये तो रसायन खराब करील, म्हणून सिनेस्टिल कंपनी तो आधीच काढून टाकायची. या काळ्या थराचं एक काम म्हणजे आरपार आलेला प्रकाश गिळणं. तो नसला की भगभगीत दिव्याचा उजेड सगळे थर ओलांडून प्लास्टिकच्या मागच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत फिरतो, थोडा बाजूला पसरून. आता रंगीत फिल्ममध्ये निळा टिपणारा थर सर्वांत वर, मग हिरवा आणि तळाशी लाल टिपणारा. परतणाऱ्या उजेडाला पहिला भेटतो तो लाल थर, म्हणून वलय लाल. दुसऱ्या कुठल्या रंगाचं ते होणंच अवघड. सुरुवातीला हे मलाही फार आवडायचं. आता चहाच्या प्रत्येक टपरीला प्रभावळ दिसायला लागल्यापासून थोडा कंटाळा आलाय.

ग्रेनबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसलेला आहे. फोटोत दिसणारे दाणे म्हणजे चांदीचे स्फटिक, असं सर्रास म्हटलं जातं. सुटा स्फटिक जेमतेम एका मायक्रॉनच्या आसपासचा, स्कॅनमध्ये तो दिसणं शक्य नाही. थरात खालीवर पसरलेल्या अनेक कणांची एकमेकांवर सावली पडून जे ठिगळ तयार होतं ते आपल्याला दाणा म्हणून दिसतं. आणि रंगीत निगेटिव्हमध्ये तर चांदी शिल्लकच नसते. चांदीच्या प्रत्येक कणाभोवती रंगद्रव्याचा छोटा ढग तयार होतो, नंतर ब्लीच आणि फिक्सर ही रसायनं चांदी पार काढून टाकतात. उरतात ते ढग. त्यामुळे रंगीत फिल्मचा ग्रेन मऊ वाटतो आणि ब्लॅक अँड व्हाइटचा करकरीत.

जुन्या, मुदत संपलेल्या रोलचे फोटो धुरकट का येतात? उष्णतेने आणि आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराने काही स्फटिकांवर उजेडाशिवायच ते चार अणू जमतात. फिल्मला फरक कळत नाही. याचं सर्वांत थरारक उदाहरण १९४५ चं आहे. कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर गिऱ्हाइकांना काळे ठिपके सापडू लागले. कंपनीतल्या ज्युलियन वेब या भौतिकशास्त्रज्ञाने माग काढला तो पॅकिंगच्या पुठ्ठ्यापर्यंत आणि तिथून इंडियाना राज्यातल्या वाबाश नदीकाठच्या कागदगिरणीपर्यंत. १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली होती. तिची धूळ दीड हजार किलोमीटरहून दूर जाऊन पावसाबरोबर नदीत उतरली, नदीचं पाणी गिरणीत गेलं आणि पुठ्ठ्यात किरणोत्सारी सेरियम आलं. वेबने हे १९४९ मध्ये प्रसिद्ध केलं. हे कळल्यावर विमानतळावर ‘हाताने तपासा’ म्हणून हुज्जत घालणाऱ्या फिल्मवाल्यांची चेष्टा करवत नाही. हातातल्या सामानासाठी आता येत असलेली नवी सीटी पद्धतीची यंत्रं कुठल्याही वेगाच्या फिल्मवर धुकं आणू शकतात, शिशाच्या पिशवीवर विसंबू नये.

घरी रोल धुणाऱ्यांची आपल्याकडची अडचण वेगळीच. पुस्तकं आणि तक्ते वीस अंश सेल्सिअस धरून लिहिलेले. मे महिन्यात नळाचं पाणी तीस अंशांचं येतं. वीस अंशांना डी-७६ या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटं लागणारी एचपी५ सत्तावीस अंशांना चारच मिनिटांत तयार होते, आणि पाच मिनिटांच्या आत उरकलेलं काम एकसारखं होत नाही. टाकीत डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणारे काही सेकंदही तेव्हा फोटोवर पट्टे होऊन दिसतात. यावर जाणकारांचा उपाय साधा असतो: डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी घालायचं, वेळ आपोआप वाढते. बादलीत बर्फ घालून डेव्हलपर वीस अंशांवर आणायचा आणि शेवटी फिल्म तापलेल्या नळाखाली धरायची, हे मात्र टाळावं. जिलेटिन एकदम फुगतं. आजच्या फिल्मचं जिलेटिन कडक केलेलं असतं म्हणून त्याला जाळी पडणं क्वचितच होतं, पण मुद्दाम परीक्षा कशाला घ्यायची? सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला असल्या की झालं. आणि बोअरच्या पाण्याने शेवटचं धुतलेल्या निगेटिव्हवर क्षारांचे डाग वाळतात. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली शेवटच्या बुडीसाठी पुरते.

इतकं सगळं फिल्मवर उमटतं, तरी वाद जिथे सर्वांत जास्त रंगतो तिथे फिल्मचा हात सर्वांत कमी असतो, असं माझं मत आहे. वाद रंगांचा. ‘पोर्ट्राची त्वचा’, ‘गोल्डचा पिवळा’, ‘फुजीचा हिरवा’, अशी एकेका फिल्मची ख्याती. आता रंगीत निगेटिव्ह उजेडात धरून बघा. सगळीवर नारिंगी झाक. ती मुद्दाम ठेवलेली असते. फिल्ममधली सायन (निळसर हिरवं) आणि मॅजेंटा (किरमिजी) रंगद्रव्यं शुद्ध नसतात, जो रंग अडवायला नको तोही थोडा अडवतात. ही चूक ठिकठिकाणी कमीजास्त न होता सगळीकडे सारखी व्हावी, म्हणजे छापताना एकाच फटक्यात वजा करता येईल, यासाठी कोडॅकच्या संशोधकांनी १९४० च्या दशकात ही युक्ती काढली. युक्ती अप्रतिम, पण तिचा अर्थ असा की निगेटिव्हमध्ये पक्के रंग नसतातच. नारिंगी किती वजा करायचा, पांढरं कशाला म्हणायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. पूर्वी ते छपाई करणारा ठरवायचा, आता स्कॅनर आणि त्यामागे बसलेला लॅबमधला माणूस ठरवतो. फ्रंटियर आणि नोरित्सू या लॅबमधल्या दोन नेहमीच्या स्कॅनरमधून तीच निगेटिव्ह काढली तर दोन वेगळे फोटो मिळतात, आणि घरी डिजिटल कॅमेऱ्याने काढून सॉफ्टवेअरमध्ये उलटवली तर तिसरा. स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर थेट सुलट रंगांचं चित्र उमटतं तिचं, तसं नाही. तिथे लाइटबॉक्सवर मूळ चित्रच समोर असतं, स्कॅन त्याच्याशी ताडून बघता येतो. निगेटिव्हला ताडून बघायला काही नाही. म्हणून कुठल्या फिल्मचे रंग गोड, यावर हमरीतुमरीवर येण्याआधी स्कॅन कुणी केला हे विचारावं, आणि फोटो दाखवणाऱ्यानेही फिल्मच्या नावाबरोबर तेवढं लिहावं.

घरातल्या जुन्या फोटोंनाही हेच नियम लागू. आजीआजोबांचा स्टुडिओतला ब्लॅक अँड व्हाइट फोटो ठणठणीत असतो आणि काकांच्या १९८० सालच्या लग्नाचा रंगीत अल्बम मात्र लालभडक झालेला असतो. पहिल्यात चांदी आहे, दुसऱ्यात नुसती रंगद्रव्यं, आणि त्या काळच्या कागदावरचं सायन रंगद्रव्य बंद अल्बमच्या अंधारातही सर्वांत आधी विरून जाई. सायन गेलं की लाल उरतो. त्या लग्नाच्या निगेटिव्ह अल्बमच्या मागच्या खिशात किंवा कपाटात असतील तर त्या शोधा. त्यांचेही रंग उतरलेले असतील, पण स्कॅन करताना ते बरेचसे सावरता येतात.

पाकीट उघडल्यावर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर निगेटिव्हचं ॲसिटेट प्लास्टिक फुटायला लागलं आहे. फुटताना ॲसिटिक आम्ल सुटतं आणि ते आम्लच पुढची फूट वाढवतं. उष्ण, दमट हवा या रोगाला फार मानवते. १९४८ मध्ये आलेल्या ट्रायॲसिटेट फिल्मवर कोडॅककडे याची पहिली तक्रार दशकभरातच पोचली, ती भारत सरकारकडून. वास येणाऱ्या निगेटिव्ह इतरांपासून लगेच वेगळ्या करायच्या, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीतून काढून कागदी पाकिटात घालायच्या, आणि सर्वांत आधी स्कॅनला त्याच पाठवायच्या. पट्टी आकसून वळायला लागली की ती स्कॅनरमध्ये सपाट बसत नाही.