हॉट रॉडचा प्रोपेलर शाफ्ट: पीळ सोसणारा पाईप

घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, बांधायला घेतलेला माणूस इंजिनाबद्दल तासभर बोलेल, कार्बोरेटर काय कॅमशाफ्ट काय सगळं सांगेल, पण इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्यामधे जो एक लांबडा पाईप फिरत असतो त्याचं नावही काढणार नाही. आणि खरी कसोटी तिथेच असते. कारण इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, ॲक्सल तिसरीचा, मग त्या नेमक्या अंतराला बसणारा तयार प्रोपेलर शाफ्ट मिळणार कुठून, तो बनवूनच घ्यावा लागतो.

हा नाद मूळ कॅलिफोर्नियातला, 1930 च्या दशकातला. म्यूरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पोरं जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून पळवायची. 1932 मध्ये फोर्डने स्वस्तातला व्ही-8 आणला, 65 हॉर्सपॉवरचा, आणि मग विचारूच नका. त्या काळच्या फोर्डमध्ये शाफ्ट उघडा नसायचाच, तो एका जाड नळीच्या आत बंद असायचा, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात, आणि 1948 च्या मॉडेलपर्यंत हेच चाललं. ती नळी नुसतं झाकण नव्हती बरं का. चाकं गाडीला पुढे ढकलतात तो सगळा रेटा तिच्यातूनच पुढे जायचा, आणि ॲक्सल उलटा फिरू पाहतो त्यालाही तीच अडवायची. आज कुणी ती काढून उघडा शाफ्ट टाकतो तेव्हा ही दोन्ही कामं करायला वेगळे रॉड नाहीतर लीफ स्प्रिंग लावावे लागतात, हे विसरलं की ॲक्सल जागेवर राहत नाही.

आता पाईपकडे येऊ. समजा इंजिन 300 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायची ताकद, देतं आणि पहिला गिअर 3:1 आहे, म्हणजे शाफ्टवर 900 न्यूटन-मीटर आला. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला 92 किलोचा माणूस लटकला तर जेवढा पीळ पडेल तेवढा. हे ऐकल्यावर कुणालाही वाटतं की पाईप कशाला, भरीव सळई टाकू, मजबूत होईल. मलाही आधी असंच वाटायचं, पण हिशेब मांडला की चित्र पार उलटं दिसतं.

76 मिलिमीटर व्यासाचा, 2.1 मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाईप घ्या. तेवढ्याच लांबीत, तेवढ्याच वजनाची भरीव सळई केली तर ती जेमतेम 25 मिलिमीटरची होते. दोघांना तोच 900 चा पीळ द्या. पाईपमध्ये ताण येतो साधारण 51 मेगापास्कल आणि सळईत 295, जवळजवळ सहापट! का, तर पीळ पडताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थराला येतो आणि मधोमध तो शून्य असतो, म्हणजे सळईच्या गाभ्यातलं लोखंड फुकट बसून खातं. पाईपमध्ये सगळा माल बाहेर, जिथे काम आहे तिथे.

पण पीळ ही अर्धीच गोष्ट. शाफ्ट मोडायची जास्त भीती असते ती वेगाने. उड्या मारायची दोरी आठवा, फिरवली की मधे पोट काढते. लांब शाफ्टही तसाच. कितीही सरळ केला तरी वजन एका बाजूला केसभर जास्त असतंच, फिरताना ते बाहेर ओढतं, पाईपचा ताठपणा त्याला परत आत खेचतो, आणि एका ठराविक वेगाला ताठपणा हरतो. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. वर घेतलेला पाईप 1.5 मीटर लांब असेल तर कागदावर हा वेग सुमारे 5,600 आरपीएम निघतो, प्रत्यक्षात जॉइंट, झीज, वेल्डिंग यामुळे अजून कमीच, म्हणून शहाणा माणूस त्याच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच जातो. ती 25 मिलिमीटरची भरीव सळई? ती 1,300 च्या आसपासच दोरीसारखी पोट काढेल. तीच पाईपची लांबी 1.2 मीटर केली तर वेग 8,700 च्या वर जातो, कारण हा वेग लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे करून मधे बेअरिंग देतात ते याचसाठी.

इथे दोन गोष्टी भल्याभल्यांना चकवतात. एक, पाईपची भिंत जाड केली तर क्रिटिकल स्पीड वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, व्यास वाढवला तर वाढतो. दुसरी, स्टीलऐवजी ॲल्युमिनियम वापरलं तरी फरक जवळजवळ नाही, कारण ॲल्युमिनियम तीनपट हलकं असतं तसं तीनपट लवचीकही असतं, हिशेब तिथल्या तिथे फिटतो. कार्बन फायबर मात्र खरंच वेगळं, ते हलकं असून ताठ असतं. आणि ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स (ज्याच्या वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो) टाकणाऱ्यांनी हे जरूर बघावं की 0.7 च्या गिअरमध्ये इंजिन 4,000 ला असताना शाफ्ट 5,700 ला फिरतोय, मीटरवर ते दिसत नाही.

मग शाफ्टच्या टोकांचे जॉइंट. क्रॉसवाला जॉइंट म्हणजे चार बोटांचा तो अधिकचिन्हासारखा तुकडा, सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने यावर काम केलं म्हणून हूकचा जॉइंटही म्हणतात. याचा एक खोडसाळपणा आहे. तिरक्या कोनात चालवला की एका टोकाला वेग एकसारखा दिला तरी दुसरं टोक प्रत्येक फेरीत दोनदा पळतं आणि दोनदा मागे पडतं. 3 अंशाला हा फरक जाणवतही नाही, 10 अंशाला दीड टक्का, 20 ला सहा टक्के, आणि मग सगळी गाडी थरथरते. उपाय सोपा आणि सुंदर आहे: मागच्या टोकाला तेवढ्याच कोनाचा दुसरा जॉइंट, शाफ्टवरचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत, म्हणजे पहिल्याने केलेली चूक दुसरा पुसतो. त्यासाठी गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्टला जोडलेला छोटा गिअर) एकमेकांना समांतर हवेत. कोन शून्य ठेवला तर? तेही वाईट, कारण जॉइंटमधले निडल बेअरिंग हलतच नाहीत, एकाच जागी मार खाऊन खड्डे पाडतात. एक ते तीन अंश चांगले. आणि लीफ स्प्रिंग असेल तर पिनियनचं नाक उभ्या गाडीत दोनेक अंश खाली ठेवतात, कारण ॲक्सिलरेटर दाबल्यावर न्यूटनचा तिसरा नियम ते वर उचलतो.

प्रत्यक्ष बनवताना माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं, जॅकवर नाही. स्लिप योक, म्हणजे शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं टोक, गिअरबॉक्सच्या टोकाला टेकायला दोनेक सेंटिमीटर तरी जागा उरली पाहिजे, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटात घुसतो. वेल्डिंगपूर्वी आणि नंतर लेथवर डायल गेज लावून रनआउट (फिरताना पाईप किती डगमगतो तो) बघायचा, पाव मिलिमीटरच्या आत हवा, वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाईप आपल्याकडे ओढतो म्हणून समोरासमोर थोडं थोडं करत जायचं. पाईप साध्या माइल्ड स्टीलचा असतो म्हणून तो सुखाने वेल्ड होतो. पण चाकाचा ॲक्सल 4340 सारख्या मिश्र स्टीलचा असेल तर त्याला वेल्डिंगने लांब-आखूड करायचा मोह आवरा, टाक्याशेजारचं गरम लोखंड थंड धातूच्या संगतीत इतकं झटक्यात गार होतं की काचेसारखं ठिसूळ बनतं. ॲक्सलवर खडूने किंवा रंगाने सरळ रेघ मारून ठेवायची एक जुनी युक्ती आहे. मोसमभर ताणून पळवल्यावर रेघ गोल जिन्यासारखी वळलेली दिसली तर समजायचं की धातू लवचीकतेची हद्द ओलांडून गेलाय, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा हाही पीळ आता परत जाणार नाही, ॲक्सल बदला.

शेवटी बॅलन्सिंग, ते यंत्रावरच होतं, घरी नाही. 10 ग्रॅम जास्तीचं वजन 38 मिलिमीटर त्रिज्येवर 4,000 आरपीएमला सुमारे 67 न्यूटनने, म्हणजे जवळजवळ 7 किलोच्या ताकदीने, सेकंदाला जवळजवळ 67 वेळा जॉइंटला हिसका देतं. आणि पुढच्या जॉइंटजवळ शाफ्टभोवती स्टीलचं जाड कडं लावायला विसरू नका. मागचा जॉइंट तुटला तर शाफ्ट फरफटतो, आवाज होतो, गाडी थांबते. पुढचा तुटला तर ते टोक रस्त्यात रुततं आणि गाडी त्या काठीवर उडी मारू बघते.