पेट्रोल पंप सोडला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही

फिरत असलेला मेसेज असा: ‘पंपातून गाडी बाहेर काढली की भेसळीची तक्रार चालत नाही.’

कायद्यात अशी अट नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार कारण घडल्यापासून 2 वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील, तर शुल्क शून्य. इंधनाच्या बिलात ही मर्यादा क्वचितच ओलांडली जाते.

अडतं ते पुराव्यावर. भरल्यावर काही किलोमीटरांत गाडी झटके देऊन बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. इंधनात पाणी असेल तर ते गाडीतल्या फ्युएल पंप आणि इंजेक्टरपर्यंत (इंजिनात इंधन फवारणारा भाग) जातं. टो करून न्या. टाकीतलं इंधन मेकॅनिकसमोर काचेच्या स्वच्छ बाटलीत उतरवा, थोडा वेळ स्थिर ठेवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर तळाशी बसतो, डोळ्यांनी दिसतो. फोटो काढा, बाटली सील करून सह्या घ्या. इंधनाची पावती, बिघाडाचं कारण लिहिलेलं जॉबकार्ड (गॅरेजची कामाची नोंद) आणि बदललेले जुने पार्ट जपा. पार्ट तर गॅरेजमध्येच सोडले जातात, आणि केस तिथेच ढिली पडते. पंपाला लगेच लेखी कळवा. नमुना प्रयोगशाळेत पाठवायची विनंती आयोगाला करता येते.

पंपावरची फिल्टर पेपर चाचणी जरूर मागा. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून डाग राहिला तर भेसळीचा संशय. मात्र पाणी त्यात पकडलं जाईलच असं नाही.