रिव्हर्स ऑफ लंडन (कादंबरी)

बेन आरोनोविच या ब्रिटिश लेखकाची २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी आणि त्याच नावाच्या मालिकेतले पहिले पुस्तक. अमेरिकेत ती ‘मिडनाइट रायट’ या नावाने निघाली. आजच्या शहरात भुतेखेते, जादू आणि देवता वावरताना दाखवणाऱ्या ‘अर्बन फँटसी’ प्रकारात ती मोडते.

लंडनच्या कोव्हेंट गार्डन भागात मुंडके उडवलेले प्रेत सापडते. तिथे पहाऱ्यावर असलेल्या पीटर ग्रांट या उमेदवारीतल्या शिपायाला एक साक्षीदार भेटतो. तो भूत असतो. पीटर घाबरून पळत नाही, त्याचा जबाब घेऊ लागतो. अद्भुताला पोलिसी दप्तराची शिस्त लावणे हे या कादंबरीचे पहिले बळ. जादू केली की मोबाइलमधल्या चिपची भुकटी होते, हे कळल्यावर पीटर रीतसर प्रयोग करून कारण शोधू पाहतो.

खरी श्रीमंती आहे ती नद्यांत. फ्लीट, टायबर्न, एफ्रा हे लंडनच्या रस्त्यांखाली गाडले गेलेले खरे प्रवाह. इथे त्या मामा टेम्सच्या (इथे ‘मामा’ म्हणजे आई), म्हणजे टेम्स नदीच्या देवीच्या, लेकी आहेत. मामा टेम्स नायजेरियातून आलेली. जुना देव फादर टेम्स एकोणिसाव्या शतकात, शहराच्या मैल्याने नदी नासल्यावर, लंडनच्या पश्चिमेकडच्या टेडिंग्टनच्याही वर, उगमाच्या दिशेने निघून गेला आणि रिकामी गादी हिने घेतली. १८५८ ची लंडनची कुप्रसिद्ध दुर्गंधी आणि विसाव्या शतकातले स्थलांतर एकाच दैवतकथेत इतक्या सहज बसवणे ही मोठीच करामत आहे. नदीला आई म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ती चटकन भिडते.

दुबळी बाजू कथानकाची. मिस्टर पंच या बाहुल्यांच्या खेळातल्या पात्राचे भूत माणसांना झपाटून खून करवते, हा एक धागा; मामा टेम्स आणि फादर टेम्स यांच्या घराण्यांचा तंटा हा दुसरा. दोन्ही शेवटपर्यंत नीट एकजीव होत नाहीत. नद्यांचा तंटा तर ओलिसांची अदलाबदल करून अखेरीस घाईने मिटवला आहे, आणि तोच अधिक रसाळ होता. पीटरची स्त्रियांकडे पाहण्याची नजरही वारंवार अंगावरच रेंगाळते. लेखक तिला कुठे अडवत नाही. सर्वांत खटकते ते लेस्ली मे या त्याच्या सहकारी पोलिसाचे. ती त्याच्याहून हुशार आहे. पंचने झपाटल्यामुळे तिचा चेहरा कायमचा उद्ध्वस्त होतो, पण तो आघात आपल्याला दिसतो पीटरच्याच डोळ्यांनी. तिला स्वतःला काय वाटले, यासाठी या पुस्तकात जागाच उरलेली नाही.