प्राजक्त : कथेतले झाड कागदावर कसे आले

समुद्रमंथनातून निघालेला आणि कृष्णाने सत्यभामेसाठी इंद्राच्या नंदनवनातून आणलेला पारिजातक आपल्या ओळखीचा. युरोपला मात्र तो गोव्यामार्गे कळला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधींवरचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात या ‘दुःखी झाडा’ची, म्हणजे पारिजातकाची, वेगळीच कथा आहे. पारिजातक नावाच्या मोठ्या असामीची मुलगी सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकले, तिने जीव दिला. तिच्या रक्षेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड बघत नाहीत. तिन्हीसांजेला उमलून पहाटे गळण्याचे हे निरीक्षण अगदी चोख आहे.

ओर्ताच्या पुस्तकात वनस्पतींची चित्रे नव्हती. क्रिस्तोव्हाव द कोस्ता याने १५७८ मध्ये स्पेनमधल्या बुर्गोस येथे काढलेल्या ग्रंथात लाकडी ठशांची चित्रे आली. पण ठशाची रेघ जाड. प्राजक्ताच्या फुलासारखे बारीक काम तिला झेपणारे नव्हे. ती सोय तांब्याच्या पत्र्यावरील कोरीव कामाने झाली. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याचा अशाच चित्रांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला १२ खंडांत निघाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या वैद्यांची नागरी लिपीतली कोकणी साक्ष छापली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नाव देताना ‘दुःखी झाड’ तसेच ठेवले : निक्टॅन्थेस आर्बोर-ट्रिस्टिस.

आजही या फुलाचे चित्र बहुधा चुकते ते वेळेमुळे. सकाळी वेचलेले फूल मिटू लागलेले असते आणि फांदीवर ते कसे बसते हेही कळत नाही. संध्याकाळी कळ्यांसह फांदी तोडून पाण्यात ठेवावी, उमलताच आधी फूल काढावे. पाने उद्यावर टाकली तरी चालते. पाकळ्या सुट्या नसतात. खाली नळी, वर पाच ते आठ खंड, भिंगरीसारखे एका बाजूला कललेले, टोकाला खाच असलेले. केशरी रंग फक्त नळीचा आणि घशाचा. खालच्या हिरव्या पुष्पकोशाला तो रंग दिला की चित्र बिघडले. पुंकेसर दोनच, नळीच्या आत. पांढऱ्या फुलाला काळी बाह्यरेषा नको. फिकट करडी छटा आणि मागे गडद पान पुरे. पाने समोरासमोर, खरखरीत, फांदी चौकोनी. चपटे, दोन बियांचे बोंड बरेच चित्रकार विसरतात, पण ओळख पटवायला ते फार उपयोगी.

एक सावधगिरी. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळच्या किंतूर गावातला प्रसिद्ध ‘पारिजात’ प्राजक्त नव्हे, गोरखचिंच आहे. तिथली कुंतीची कथा चितारायची तर खोड अवाढव्य, पान पंजासारखे आणि फूल लांब देठावर खाली लोंबणारे हवे.