जहाजावरच्या रडारचा अँटेना फिरतो, त्यामागची गोष्ट

रडार म्हटलं की दुसरं महायुद्ध आठवतं, पण जहाजांसाठीचं असं पहिलं यंत्र त्याच्या 35 वर्षं आधीचं आहे. मे 1904 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात क्रिस्टियान ह्युल्समायर या 22 वर्षांच्या तरुणाने आपला 'टेलिमोबिलोस्कोप' लोकांसमोर चालवून दाखवला. ठिणगीतून रेडिओलहरी सुटायच्या, धातूवर आपटून परत यायच्या, आणि आल्या की घंटा वाजायची. पुढच्याच महिन्यात रॉटरडॅम बंदरात एका बोटीवरून त्याने सुमारे 3 किलोमीटरवरची जहाजं हुडकून दाखवली. अँटेना फिरवता येत असल्याने जहाज कुठल्या दिशेला आहे तेही कळायचं. किती लांब आहे, हे सांगायची सोय मात्र त्यात नव्हती. जर्मन नौदलाने नकार दिला, टेलिफुंकन कंपनीनेही दिला, आणि प्रकरण तिथेच गुंडाळलं गेलं.

1930 च्या दशकात नेमकं उलटं झालं. लहरींचे छोटे छोटे स्पंद सोडून प्रतिध्वनीला लागणारा वेळ मोजायचा, ही युक्ती सापडली आणि अंतराचा प्रश्न सुटला. जाऊन परत यायला लागलेल्या प्रत्येक मायक्रोसेकंदाला (सेकंदाचा दहा लाखावा भाग) 150 मीटर अंतर, इतका सरळ हिशेब. आता दिशा अडून बसली. अँटेनातून निघणारा झोत किती बारीक होणार, हे तरंगलांबी आणि अँटेनाची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. 1938 मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'शेफील्ड'वर बसवलेलं रडार 7 मीटर तरंगलांबीचं होतं. त्यातून एका अंशाचा झोत काढायचा, तर अँटेना चारशे मीटरहून लांब हवा, म्हणजे खुद्द जहाजापेक्षा कितीतरी मोठा! फ्रेंच प्रवासी जहाज 'नॉर्मंडी'वर 1935 मध्येच 16 सेंटिमीटर तरंगलांबीचं उपकरण लावलं होतं. पण इतक्या आखूड लहरींना त्या वेळी जोरच नसायचा.

तो जोर 21 फेब्रुवारी 1940 ला मिळाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालू केला, आणि मुठीत मावेल एवढ्या तांब्याच्या ठोकळ्यातून 10 सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी शेकडो वॉट ताकदीने बाहेर पडल्या. वर्षभरानंतर, मार्च 1941 मध्ये, 'ऑर्किस' या कॉर्व्हेट जातीच्या छोट्या ब्रिटिश युद्धनौकेवर '271' नावाचं रडार चढलं. रात्री पृष्ठभागावर येऊन हल्ला करणाऱ्या जर्मन पाणबुड्या पाण्याखाली ध्वनी सोडणाऱ्या यंत्राला सापडत नसत. त्या आता अंधारात दिसायला लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'मॅरिगोल्ड' या दुसऱ्या ब्रिटिश कॉर्व्हेटने जिब्राल्टरजवळ यू-433 ही जर्मन पाणबुडी बुडवली, ती या रडारच्या आधारावर.

या 271 चा अँटेना फिरवायचा माणूस, तोही हाताने. एकावर एक बसवलेले दोन अर्धगोलाकार अँटेना पारदर्शक भिंतींच्या कंदिलासारख्या खोक्यात असत. खाली कोंदट खोलीत बसलेला खलाशी चाक फिरवून त्यांना वळवायचा आणि नजर पडद्यावर ठेवायचा. शिवाय केबल पिळवटत असल्याने एकाच दिशेने सलग फिरवत राहायची सोय नव्हती. एका बाजूला जायचं, मग उलटं यायचं. अटलांटिकच्या हिवाळ्यात, हेलकावणाऱ्या बोटीत, पाळी संपेपर्यंत हेच काम.

अँटेना सलग फिरता ठेवायला दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे गोल पडदा. अँटेनाबरोबर पडद्यावर प्रकाशाची रेघ फिरते, मध्यभागी आपलं जहाज आणि भोवती नकाशा. दुसरी म्हणजे फिरता सांधा, आणि माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात देखणी वस्तू तीच. खालची नळी स्थिर, वरची फिरती, आणि लहरी मधून जातात. दोन्ही भाग एकमेकांना घट्ट चिकटलेले असावेच लागत नाहीत. फटीभोवती ठरावीक खोलीची खाच कापलेली असते, तिच्यामुळे लहरींना ती फट असून नसल्यासारखी होते. घासणं नाही, ठिणगी नाही.

फिरता फिरता प्रतिध्वनी हुकत कसा नाही, असा प्रश्न पडतोच. व्यापारी जहाजांवर मिनिटाला 24 फेऱ्या हा नेहमीचा वेग, म्हणजे सेकंदाला 144 अंश. 24 सागरी मैलांवर जाऊन परत यायला लहरीला सुमारे 300 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात अँटेना अंशाच्या विसाव्या भागाइतकाही सरकत नाही. झोत सव्वा अंशाचा धरला आणि सेकंदाला हजार स्पंद धरले, तर समोरच्या जहाजावर एका फेरीत आठेक स्पंद आदळतात.

डोलकाठीवर आज दिसते ती आडवी पट्टी म्हणजे बहुधा फटी पाडलेली पोकळ धातूची नळी. ही कल्पना 1940 च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम वॉटसन यांनी पुढे आणली. 3 सेंटिमीटर लहरींच्या सहा फुटी अँटेनात अशा तिरक्या फटी 80 च्या घरात असतात. प्रत्येकीतून थोडी थोडी लहर गळते आणि सगळ्या मिळून आडवा बारीक झोत होतो. उभ्या दिशेने तो मुद्दाम 20-25 अंश पसरट ठेवतात, नाहीतर जहाज कलंडलं की झोत एकदा आभाळात आणि एकदा पाण्यात. मोटरही दमदार लागते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 100 नॉट (ताशी सुमारे 185 किलोमीटर) वाऱ्यातही अँटेना फिरत राहायला हवा.

एवढं करूनही दिसणं आणि कळणं यांत अंतर राहिलंच. 25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ 'आंद्रेया डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन जहाजं धडकली आणि 51 माणसं गेली. दोघांकडे चालू रडार होतं, दोघांनी एकमेकांना पडद्यावर आधीच पाहिलं होतं. पण दर फेरीला बिंदू कसा सरकतोय हे कागदावर मांडायचं काम 'आंद्रेया डोरिया'वर झालंच नव्हतं. रडारवरच्या अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नयेत, असं 1972 च्या टक्करप्रतिबंधक नियमांत म्हणूनच स्पष्ट लिहिलं आहे. बिंदूंचा माग आपोआप काढणारी यंत्रं 1970 च्या दशकात आली.

आता फिरणं संपणार का? मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली, 2014 मध्ये नौदलात आलेली 'आयएनएस कोलकाता' पाहा. तिच्या मुख्य रडारचे चार चौकोनी चेहरे डोलकाठीवर चार दिशांना जागच्या जागी बसवलेले आहेत. झोत वळवायचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. पण असे चार चेहरे मालवाहू जहाजाच्या मालकाला परवडणारे नाहीत, आणि वाहतुकीतून वाट काढायला त्याला त्यांची गरजही नाही. 'कोलकाता'वरही लांब पल्ल्याच्या हवाई शोधाचा मोठा अँटेना अजून फिरणाराच आहे.